सहा ऑगस्टला आपण फक्त कागदी पक्षी शिकवतो का?



ऑगस्ट महिना उजाडला की प्राथमिक शाळेत दिनविशेषांची रांग लागते. १ तारखेला टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, मग हिरोशिमा दिन, क्रांती दिन, स्वातंत्र्य दिन. त्यातल्या हिरोशिमा दिनाचं आपलं एक ठरलेलं असतं. परिपाठात दोन मिनिटं माहिती, सदाकोची गोष्ट आणि कार्यानुभवाच्या तासाला कागदाचे क्रौंच पक्षी. फळ्याच्या वर दोरीला पक्षी लटकवायचे, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा, झालं. मीही कित्येक वर्षं हेच करत आले.

गेल्या वर्षी मात्र माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीनं पक्ष्याचा शेवटचा पंख दुमडता दुमडता विचारलं, "मॅडम, मग पक्षी करून ती वाचली का?"

म्हटलं, "नाही बेटा, नाही वाचली."

"मग एवढे पक्षी कशाला केले?"

मी शांतता, आशा वगैरे काहीतरी बोलले. मुलीनं मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. आपण मुलांना एका आजारी मुलीची दुःखद गोष्ट सांगतो आणि तिथंच थांबतो. त्यानंतर लोकांनी काय केलं, हे सांगतच नाही. ते शोधायला बसले तेव्हा जपानमधल्या मासळी विकणाऱ्यांची, गृहिणींची आणि शाळकरी मुलांची एक मोठी चळवळ समोर आली. तिचा एक धागा तर आपल्या नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, वर्ध्यात सापडला. २०२५ मध्ये हिरोशिमाला ८० वर्षं झाली. म्हणून हा पाठ सविस्तर लिहिते आहे. तुमच्या वर्गाला आणि घरी उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

आधी थोडी पार्श्वभूमी

६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८ वाजून १५ मिनिटं. अमेरिकेच्या विमानानं हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला. ९ ऑगस्टला ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर दुसरा. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत सुमारे ७० हजार माणसं गेली. यात हजारो शाळकरी मुलं होती. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं आणि त्या कामावर हिरोशिमाच्या शाळांमधली मुलंही लावलेली होती. ती उघड्यावरच होती.

जे वाचले त्यांना जपानीत 'हिबाकुशा' म्हणतात, म्हणजे बॉम्बची झळ बसलेली माणसं. आपल्याला वाटेल की दुसऱ्याच दिवसापासून जपान पेटून उठला असेल. तसं झालं नाही. युद्ध हरल्यावर १९५२ पर्यंत जपानवर अमेरिकेच्या नेतृत्वाखालील सैन्याचा ताबा होता आणि वर्तमानपत्रांवर नियंत्रण होतं. बॉम्बच्या परिणामांबद्दल मोकळेपणानं छापता येत नव्हतं. त्यात हिबाकुशांना समाजानंही दूर ठेवलं. त्यांना नोकरी देताना लोक कचरत, लग्न जुळताना अडचण येई, मुलंबाळं कशी होतील अशी कुजबूज चाले. म्हणून अनेकांनी आपण त्या दिवशी तिथे होतो हेच लपवलं. जवळजवळ नऊ वर्षं हे दुःख घराच्या चार भिंतींत राहिलं.

मासळीबाजारातून सुरुवात

१ मार्च १९५४ ला अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. हिरोशिमाच्या बॉम्बपेक्षा सुमारे १ हजार पट शक्तीचा हा स्फोट होता. तिथून सुमारे १६० किलोमीटरवर, जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर, एक जपानी मासेमारी बोट ट्यूना पकडत होती. बोटीचं नाव दाइगो फुकुर्यू मारू, अर्थ 'भाग्यवान ड्रॅगन, क्रमांक ५'. बोटीवर २३ खलाशी होते. काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली. ती त्यांच्या डोक्यावर, अंगावर, डेकवर साचली. त्यांना ती काय आहे हे माहीत नव्हतं.

१४ मार्चला बोट याइझू बंदराला लागली तेव्हा सगळे आजारी होते. बोटीवरचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. ते ४० वर्षांचे होते.

त्या बोटीतली मासळी बाजारात गेली होती, आणि हे कळल्यावर देशभर खळबळ उडाली. तपासणी सुरू झाली तशी एकामागून एक बोटींवर किरणोत्सर्गी मासळी सापडत गेली. वर्षभरात अशा बोटींची संख्या ८५० च्या वर गेली. शेकडो टन मासे फेकून द्यावे लागले. जपानमध्ये मासा म्हणजे आपल्याकडचं वरण. रोजच्या ताटातलंच विषारी निघालं तर आईनं मुलांना काय वाढायचं? आणि मासे विकून पोट भरणाऱ्यानं काय करायचं?

आता बॉम्ब ही फक्त हिरोशिमा-नागासाकीची गोष्ट राहिली नाही. ती प्रत्येक स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

आपल्या देशातही याची दखल घेतली गेली. २ एप्रिल १९५४ ला पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याची, निदान तूर्त स्थगित करण्याची मागणी केली. हे मुलांना जरूर सांगा.

सुगिनामीच्या बायकांचा कागद

तोक्यो शहरात सुगिनामी नावाचा भाग आहे. आपल्याकडे महापालिकेचे झोन असतात तसाच समजा. तिथल्या सार्वजनिक सभागृहात बायकांचं एक वाचन मंडळ चालायचं. सभागृहाचे आणि तिथल्या वाचनालयाचे प्रमुख होते काओरू यासुई. ते आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये एका बैठकीत मासळी दुकानदाराच्या पत्नीनं उभं राहून सांगितलं, की आमचा धंदा बसला आहे, आम्ही मासळीवाले हायड्रोजन बॉम्बविरुद्ध सह्या गोळा करतो आहोत, तुम्हीही साथ द्या.

मे महिन्यात सुगिनामीत समिती बनली. या समितीनं जे केलं ते शिक्षक म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी मागणी एकच ठेवली आणि ती सोप्या शब्दांत ठेवली. हायड्रोजन बॉम्बवर बंदी घाला आणि माणसांचा जीव वाचवा, असं आवाहन जगातल्या सगळ्या सरकारांना आणि जनतेला. त्यात कोणत्याही एका देशाला शिव्या नव्हत्या आणि कोणत्याही पक्षाचा शिक्का नव्हता. त्यामुळे डाव्या विचाराचा माणूसही सही करू शकत होता, उजव्या विचाराचाही आणि राजकारणाचा कंटाळा असलेलाही.

मग बायका घरोघर निघाल्या. कुणी पाठीवर बाळ बांधून, कुणी दुपारची भांडी आटोपून. मासळीवाल्यांनी दुकानात कागद ठेवले. डॉक्टर, शिक्षक, सगळ्यांनी आपापल्या ओळखीत कागद फिरवले. सुगिनामीची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३ लाख ९० हजार होती. दोनेक महिन्यांत २ लाख ७० हजारांहून अधिक सह्या जमल्या.

असंच देशात ठिकठिकाणी चालू होतं. मग सगळ्यांना जोडणारी राष्ट्रीय समिती झाली. ऑगस्ट १९५५ पर्यंत ३ कोटींहून अधिक सह्या झाल्या. त्या वेळी जपानची लोकसंख्या सुमारे ९ कोटी होती, म्हणजे तान्ह्या बाळांसकट तीन माणसांत एक सही. फोन घरोघरी नव्हते तेव्हाची ही गोष्ट आहे.

६ ऑगस्ट १९५५ ला हिरोशिमात अणुबॉम्ब आणि हायड्रोजन बॉम्बविरोधी पहिली जागतिक परिषद भरली. तिथं हिबाकुशा पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर उभे राहून बोलले. नऊ-दहा वर्षं गप्प बसलेल्या माणसांना ऐकणारं कुणी भेटलं. माझ्या मते त्या सह्यांचं सर्वांत मोठं फळ हेच होतं.

आता सदाकोकडे परत

सदाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. नंतर चांगली धडधाकट वाढली, धावण्यात पटाईत होती. १९५५ च्या सुरुवातीला तिला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला ती गेली. वय १२. औषधांचे कागद, वेष्टनं, मिळेल त्या कागदाचे ती पक्षी करायची. आपल्याकडे प्रसिद्ध असलेल्या गोष्टीत ती ६४४ पक्ष्यांवर थांबते. प्रत्यक्षात तिचे हजार पक्षी पूर्ण झाले होते आणि तरी ती करतच राहिली होती, असं तिच्या भावानं सांगितलं आहे. वर्गात सांगताना ही दुरुस्ती करून घ्यावी.

आणि मग आपल्या सांगण्यातून नेहमी गळणारा भाग. तिच्या वर्गातल्या मुलांना आपल्या मैत्रिणीसाठी काहीतरी करायचं होतं. त्याच नोव्हेंबरमध्ये हिरोशिमात देशभरातल्या मुख्याध्यापकांची परिषद होती. मुलांनी पत्रकं तयार केली आणि परिषदेच्या ठिकाणी जाऊन वाटली. बॉम्बमुळे गेलेल्या सगळ्या मुलांसाठी स्मारक व्हावं, एवढीच विनंती. मुख्याध्यापक ती पत्रकं घेऊन आपापल्या गावी गेले. जपानमधल्या ३ हजारांहून अधिक शाळांमधून मुलांनी पैसे पाठवले, परदेशातूनही काही आले. ५ मे १९५८ ला, म्हणजे जपानच्या बालदिनी, हिरोशिमाच्या शांती उद्यानात ते स्मारक उभं राहिलं. आज फोटोत दिसतं ते हात वर करून पक्षी धरलेल्या मुलीचं स्मारक मुलांनी मागून, वर्गणी काढून उभारलं आहे.

माझ्या विद्यार्थिनीला द्यायचं उत्तर मला इथे सापडलं. पक्ष्यांनी सदाको वाचली नाही. पण तिच्या मित्रांनी पत्रक लिहिलं, ते नेऊन दिलं आणि अडीच वर्षं पाठपुरावा केला. आपण मुलांना घडी घालायला शिकवतो. पत्रक लिहायलाही शिकवायला हवं.

चळवळ फुटली, पण साक्षीदार टिकले

इतिहास शिकवताना फक्त गोड भाग सांगू नये, म्हणून हेही सांगते. १९६० च्या दशकात ही एकजूट तुटली. सोव्हिएत संघानंही चाचण्या चालवल्या होत्या. त्यांचा निषेध करायचा की नाही, यावर वाद पेटला. एका गटाचं म्हणणं, कुठल्याही देशाचा बॉम्ब वाईटच. दुसऱ्या गटाला समाजवादी देशांचा बॉम्ब त्याच मापानं मोजणं मान्य नव्हतं. राजकीय पक्ष आत शिरले आणि एका संघटनेच्या तीन झाल्या. पक्षाचा शिक्का नको, हे सुगिनामीच्या बायकांना १९५४ मध्ये कळलं होतं. मोठ्या नेत्यांच्या हातात चळवळ गेल्यावर तेच विसरलं गेलं.

या भांडणात हिबाकुशांची स्वतःची संघटना मात्र टिकून राहिली. तिचं नाव निहोन हिदांक्यो, स्थापना १० ऑगस्ट १९५६, नागासाकी. त्यांच्या मागण्या दोन. जगातून अण्वस्त्रं जावीत, आणि जपान सरकारनं बॉम्बपीडितांना भरपाई द्यावी. १९५७ मध्ये त्यांच्या उपचारांसाठी कायदा झाला, पुढे आणखी तरतुदी झाल्या. पण मेलेल्यांसाठी भरपाई सरकारनं आजवर दिलेली नाही.

त्यांचं काम काय, तर सांगणं. शाळांमध्ये, गावांमध्ये, परदेशात, संयुक्त राष्ट्रांत जाऊन स्वतःच्या अंगावरचे व्रण दाखवत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. विचार करा, आपल्या आयुष्यातला सर्वांत भयानक दिवस अनोळखी लोकांना वर्षानुवर्षं सांगायला किती बळ लागत असेल. २०२४ चं नोबेल शांतता पारितोषिक निहोन हिदांक्योला मिळालं. ओस्लोमध्ये १० डिसेंबरला भाषण केलं ते ९२ वर्षांच्या तेरुमी तानाका यांनी. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते १३ वर्षांचे होते आणि त्यांच्या घरची पाच माणसं त्यात गेली. नोबेलच्या व्यासपीठावरूनही त्यांनी मृतांना भरपाई न मिळाल्याची आठवण आपल्या सरकारला करून दिली.

मार्च २०२५ मध्ये जपान सरकारकडे नोंद असलेल्या हिबाकुशांची संख्या प्रथमच १ लाखाच्या खाली आली. त्यांचं सरासरी वय ८६ च्या वर आहे. आपल्या वर्गातली मुलं मोठी होतील तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस बहुधा उरलेलं नसेल.

आता आपला वर्धा

सेवाग्राम आश्रमात सहल नेली असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला थांबला होतात का? पुढच्या वेळी जरूर थांबा. तिथली सर्वधर्म प्रार्थना एका जपानी मंत्रानं सुरू होते. सद्धर्म पुंडरीक सूत्राला वंदन करणारा तो बौद्ध मंत्र आहे. मीही लहानपणी सहलीत तो ऐकला होता, पण तो जपानी आहे हे मला शिक्षिका झाल्यावर कळलं!

हा मंत्र इथे आला निचिदात्सू फुजी या जपानी भिक्षूंमुळे. त्यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८५ चा. म्हणजे हिरोशिमावर बॉम्ब पडला तो त्यांचा साठावा वाढदिवस. निप्पोनझान म्योहोजी या संप्रदायाचे ते संस्थापक. बुद्धाच्या भूमीत जायचं म्हणून १९३१ मध्ये ते भारतात आले आणि १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. हातातला छोटा ढोल वाजवत मंत्र म्हणणं ही त्यांची उपासना. गांधीजी त्यांना 'गुरुजी' म्हणू लागले आणि पुढे ते फुजी गुरुजी म्हणूनच ओळखले गेले. त्यांचे एक शिष्य सेवाग्रामला राहिले, आश्रमातले लोक त्यांना केशव म्हणत. १९४१ च्या डिसेंबरात जपान इंग्रजांविरुद्ध युद्धात उतरला, तेव्हा शत्रुदेशाचा नागरिक म्हणून पोलिसांनी त्यांना पकडून नेलं. पण त्यांची प्रार्थना आश्रमानं सोडली नाही. ती आजही चालू आहे.

हिरोशिमानंतर गांधीजींनी १९४६ मध्ये 'हरिजन'मध्ये अणुबॉम्बवर लिहिलं. द्वेषाला द्वेषानं जिंकता येत नाही तसं बॉम्बला दुसऱ्या बॉम्बनं संपवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. तिकडे फुजी गुरुजींनी शांती स्तूप बांधायला घेतले. पहिला जपानमध्ये कुमामोतो इथे १९५४ ला पूर्ण झाला, म्हणजे त्या मासळीच्याच वर्षी. भारतातला राजगीरचा स्तूप १९६९ चा. आपल्या वर्ध्यातही गीताई मंदिराच्या शेजारी पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. आपण तिथे डबा खातो, फोटो काढतो, पण हिरोशिमाशी त्याचं नातं मुलांना सांगत नाही.

फुजी गुरुजींचे भिक्षू फक्त स्तूप बांधत बसले नाहीत. १९५८ मध्ये या संप्रदायाचे निशिमोतो अत्सुशी हिरोशिमाहून तोक्योकडे पायी निघाले. सुमारे १ हजार किलोमीटरची वाट. वाटेत गावोगावची माणसं थोडं थोडं अंतर सोबत चालली. तेव्हापासून जपानमध्ये दरवर्षी अशी शांती पदयात्रा निघते. इकडे १९६२ मध्ये सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन भारतीय तरुण राजघाटावरून निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन, म्हणजे तेव्हाच्या चारही अण्वस्त्रधारी देशांच्या राजधान्या त्यांनी गाठल्या, समुद्र सोडला तर सगळं पायी. खिशात पैसे ठेवू नका, म्हणजे लोकांवर विश्वास ठेवावा लागेल, हा सल्ला त्यांना विनोबांनी दिला होता. पवनारच्या विनोबांनी!

मुलं विचारतील असे प्रश्न

"जपाननं पण युद्ध केलं होतं ना?" हो, आणि ते लपवू नये. चीन, कोरिया आणि आग्नेय आशियात जपानी सैन्यानं फार अत्याचार केले. आपल्या अंदमानातही १९४२ ते १९४५ मध्ये केले. हिरोशिमात मेलेल्यांमध्ये कामासाठी आणलेले हजारो कोरियन लोकही होते. सैन्यानं केलेल्या चुकीची शिक्षा शाळेतल्या मुलांना द्यावी का, हा प्रश्न वर्गाला विचारा. पाचवीची मुलं यावर छान बोलतात.

"आपल्याकडेही बॉम्ब आहे ना, मॅडम?" हा प्रश्न येणारच, आणि विचारताना मुलांचे डोळे चमकलेले असतात. माझ्याकडे यावरून एका पालकांचा फोनही आला. "मॅडम, मुलगा घरी म्हणतो बॉम्ब वाईट. त्याचे काका फौजेत आहेत. तुम्ही हे काय शिकवता?" आवाजात राग होता आणि काळजीही होती. मी त्यांना शाळेत बोलावलं. शांतपणे सांगितलं, की पोखरणला १९७४ आणि १९९८ मध्ये चाचण्या झाल्या हे मी शिकवते. आपण पहिला वापर करणार नाही हे आपल्या देशाचं जाहीर धोरण आहे, हेही शिकवते. शेजाऱ्यांकडे बॉम्ब असताना आपल्याकडेही हवा असं बहुतेकांना वाटतं, हेही सांगते. आणि आपल्या नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल एल. रामदास निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या गावी राहून अखेरपर्यंत अण्वस्त्रांच्या विरोधात बोलत होते, हेसुद्धा सांगते. सैनिकाचा मान ठेवूनही हा प्रश्न विचारता येतो. ते पालक पूर्ण पटून गेले असं मी म्हणणार नाही. पण जाताना म्हणाले, "दोन्ही बाजू सांगता ना, मग ठीक आहे." आपल्यावर ही जबाबदारी आहे. निष्कर्ष मुलांच्या तोंडात कोंबायचा नाही.

"सह्या करून बॉम्ब संपले का?" नाही. आज जगात सुमारे १२ हजार अण्वस्त्रं आहेत. १९८० च्या दशकाच्या मध्यात ती जवळपास ७० हजार होती. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी हवेत आणि पाण्यात चाचण्या न करण्याचा करार केला. २०१७ मध्ये अण्वस्त्रबंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, २०२१ पासून तो लागू आहे. अण्वस्त्रधारी देश त्यात नाहीत. भारत नाही, आणि आश्चर्य म्हणजे खुद्द जपान सरकारही नाही. पण ९ ऑगस्ट १९४५ नंतर एकाही शहरावर असा बॉम्ब पडलेला नाही. त्यामागे कारणं अनेक आहेत. हिबाकुशांनी जगाला ते विसरू दिलं नाही, हे त्यांतलं एक नक्की आहे.

वर्गात कसं घ्यावं

एका तासात हे सगळं मावत नाही. मी तीन तास करते.

पहिला तास : नकाशा. हिरोशिमा, नागासाकी, बिकिनी, तोक्यो, पोखरण आणि वर्धा मुलांकडून शोधून घ्या. भाग्यवान ड्रॅगनची गोष्ट सांगा. जखमांची भयंकर छायाचित्रं लहान मुलांना दाखवू नका, गरज नाही. मासळीची गोष्ट पुरते.

दुसरा तास : सदाको आणि तिचे मित्र. पक्षी जरूर करा. पण सोबत एक पत्रक लिहून घ्या. विषय मुलांच्याच जगण्यातला हवा. मागणी एका वाक्यात, कुणालाही न दुखावता, आणि ती कोणाकडे करायची आहे ते स्पष्ट लिहायचं.

तिसरा तास : घरी आजी-आजोबांना एक प्रश्न विचारून यायचं. "तुम्ही लहानपणी पाहिलेली, विसरता न येणारी गोष्ट कोणती?" ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. पूर, दुष्काळ, दंगल, काहीही येईल. साक्षीदाराचं ऐकून घेणं म्हणजे काय, हे मुलांना यातून कळतं. पालकांना विनंती, हा गृहपाठ तुम्ही लिहून देऊ नका. फक्त आजीजवळ बसू द्या.

पत्रकाचा अनुभव सांगून थांबते. आमच्या वर्गानं विषय निवडला नायलॉन मांजा. संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात या मांजानं गळे कापतात, पक्षी अडकून मरतात, हे मुलांनी स्वतः पाहिलेलं. डिसेंबरात त्यांनी एक वाक्य ठरवलं : "आम्ही नायलॉन मांजा विकत घेणार नाही, विकणार नाही, वापरणार नाही." त्याखाली सह्यांच्या रेघा. मुलं आपापल्या गल्लीत फिरली. काहींनी कौतुकानं सही केली. काहींनी "जा रे, अभ्यास करा" म्हणून हाकललं. एका दुकानदारानं कागद वाचला, परत दिला आणि सही केली नाही. वर्गात यावर बरीच चर्चा झाली. त्याच्याकडे आधीचा माल पडून असेल, असं एका मुलाचं म्हणणं. "मग त्याचं नुकसान कोण भरून देणार?" हा प्रश्न मी विचारला नव्हता, मुलांमधूनच आला. सुगिनामीच्या मासळीवाल्यांचा धंदा बुडाला होता, हे त्यांना तेव्हा नीट समजलं असावं.

संक्रांतीला मांजा बंद झाला का? नाही. आमच्याच वस्तीत कापलेल्या पतंगांचा नायलॉन मांजा तारांवर लटकत होता. सुट्टीनंतर ती पक्ष्याचा प्रश्न विचारणारी मुलगी माझ्याकडे आली. तिला वाटेत पडलेला मांजा दिसला होता, तो तिनं काठीला गुंडाळून पिशवीत भरून आणला होता. म्हणाली, "मॅडम, त्या दुकानात परत जायचं का? आता त्याचा माल संपला असंल."

आम्ही गेलो. त्यांनी सही केली.

यंदा सहा ऑगस्टला आमच्या वर्गात पक्षी असतीलच, त्यांच्या शेजारी हा सह्यांचा कागदही लावणार आहोत. तुमच्या वर्गात मुलांनी कोणता विषय निवडला आणि कोणते अवघड प्रश्न विचारले, ते जरूर कळवा. मलाही त्यातून शिकायला मिळेल.